हिरव्या कापडाखालचा कागद

माटुरिटाच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला टेबलावर हिरवंच कापड का लागतं, हे एकोणचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, आणि आता विचारायची ताकदही उरली नाही. दर मे महिन्यात शिपाईणबाई ते कपाटातून काढते, खिडकीत झटकते आणि अंथरते. इस्त्री कधीच करत नाही. पोरं समोर येऊन बसतात, घाबरतात, चार वाक्यं बोलतात आणि शाळेतून कायमची सुटतात. मी मात्र तिथेच. यंदाचं माझं शेवटचं वर्ष, जूनमध्ये निवृत्ती. गुडघे तर केव्हाच निवृत्त झालेत.

मी मुळात रशियनची बाई. कम्युनिस्ट सरकार पडलं आणि एका उन्हाळ्यात रशियन कुणालाच नकोशी झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "झेलमीरा, इंग्रजी शीक, नाहीतर घरी बस." घरी बसून खाणार काय, कपाळ? मग संध्याकाळी शिकायचं आणि सकाळी तेच वर्गात शिकवायचं. पोरांच्या एक धडा पुढे, कधी कधी अर्धाच. तेव्हा गावोगावच्या रशियनच्या बाया हेच करत होत्या, त्यामुळे लाज वाटायची ती सगळ्यांच्यात वाटली जायची.

त्र्याण्णव साली परीक्षेचे अध्यक्ष बाहेरच्या शाळेतून आले. अध्यक्ष नेहमी बाहेरचाच असतो, पण हे गृहस्थ दोन वर्षं लंडनला राहून आलेले. माझं धाबं दणाणलं. विषय एकूण पंचवीस, चिठ्ठी उचलून येईल त्यावर मुलानं बोलायचं. त्यातला सतरावा 'गुन्हा आणि शिक्षा', आणि नेमका तोच माझा कच्चा. शाळेच्या टाइपरायटरवर मी एक यादी तयार केली. डावीकडे वाईट कामांचे इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार, उजवीकडे स्लोव्हाक अर्थ. फसवणं, लाच, खोटी साक्ष, डोळेझाक. चोरी करताना सापडला तर इंग्रज म्हणतात लाल हातांनी सापडला. आमच्याकडे नुसताच सापडतो. दुसऱ्याच्या पापासाठी बळी द्यायला त्यांच्याकडे बकरा, आमच्याकडे कोकरू. असे नव्वद शब्द. आदल्या संध्याकाळी तो कागद मी माझ्या खुर्चीसमोर हिरव्या कापडाखाली सरकवून ठेवला. हो, शिक्षिकेनं कॉपी लपवली. हसायचं तर हसा.

सकाळी अध्यक्षांच्या डोळ्यांवर ऊन यायला लागलं. त्यांनी टेबल कापडासकट फिरवून घेतलं. मी तेव्हा कॉफी आणायला गेले होते. परत आले, दाखवली त्या खुर्चीत बसले आणि चाचपून पाहिलं, तर कापडाखाली काहीच नाही. समोर ओटीलिया बसलेली. अठरा वर्षांची, वेणी घातलेली, वर्गातली बरी मुलगी. तिनं चिठ्ठी उचलली होती सतरा नंबरची. तिच्या कोपरानं कापड सरकलं आणि कागदाचं टोक बाहेर आलं.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझं नाही," ती म्हणाली.

"मग काय माझं?" मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

ती पण माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मला काही कल्पना नाही."

चार शब्द. त्यांनी तिला नापास केलं आणि कागद तिच्याच हातात दिला. "घरी घेऊन जा, आठवण म्हणून." सप्टेंबरात पुन्हा बसता आलं असतं. ती आली नाही. मग कानावर आलं की सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात लागलीये. गाव केवढंसं. रस्त्यात दिसली की मी पलीकडच्या फूटपाथवर जायचे. सव्वीस वर्षं मी फूटपाथ बदलत आले, आणि त्याचाही शीण येतो हो.

यंदाच्या मे महिन्यात व्रात्कोनं माझ्यापुढे यादी टाकली. व्रात्को आमचा तरुण इंग्रजीचा मास्तर, कामावरून येणाऱ्या मोठ्या माणसांचे संध्याकाळचे वर्ग तोच घेतो. त्यांच्या परीक्षेला मी दुसरी परीक्षक. यादीत चौथं नाव: ओटीलिया पावूकोवा, वय चव्वेचाळीस, स्वयंपाकीण. आडनाव नवऱ्याचं, पण ओटीलिया गावात एकच.

"ही कशी आहे?" मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कामाला वाघीण, बाई. दवाखान्याचं अख्खं किचन तीच चालवते, खुर्चीवर मात्र दुसरी बसते. ती दुसरी आता निवृत्त होतेय. हिच्याकडे माटुरिटा असेल तर जागा हिची, नाहीतर बाहेरून कुणीतरी पोरगी आणून डोक्यावर बसवणार. बाकीचे विषय काढलेत तिनं. अडलंय इंग्रजीवर."

"आणि इंग्रजी?"

"डळमळीत. पण सतरा नंबर विचारा, झोपेत सांगेल. कुठला तरी पिवळा पडलेला कागद आहे तिच्याकडे, पार घोकून टाकलाय. मी म्हटलं, मावशी, स्वयंपाकघर सांभाळायचंय की टोळी?" तो हसला. मी हसले नाही.

आता कच्च्या मुलासाठी चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवायचा, ही आमच्या स्टाफरूमची जुनी रीत. कुणी बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक. परीक्षेच्या सकाळी मी सतरा नंबरचा कोपरा दुमडला. आयुष्यात पहिल्यांदा एखादं पाप करताना मला बरं वाटलं. फिटेल एकदाचं, असं वाटलं.

ओटीलिया कॉरिडॉरमध्ये उभी होती. वेणी गेली होती, हातावर भाजल्याचे डाग होते. पायाशी झाकलेलं मोठं ताट. परीक्षकांचं खाणं विद्यार्थ्यांनीच आणायचं असतं. मी जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "कोपरा दुमडलेली चिठ्ठी उचल. सतरा आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो का," म्हणाली.

आत आली तेव्हा चिठ्ठ्यांच्या वाडग्यात दुमडलेली चिठ्ठी वरच होती. ओटीलियानं ती बोटानं बाजूला सारली, तळाशी हात घातला आणि दुसरी काढली. पाच नंबर, 'प्रवास'. आता ही बाई जन्मात कुठे गेलेली? एकदा क्रोएशियाच्या समुद्रावर, बसनं, तेही लेकीच्या खोकल्याला समुद्राची हवा बरी म्हणून. तेच सांगितलं तिनं. अडखळली, घाम पुसला, बसचा इंग्रजी शब्दही एकदा विसरली. मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते. ही नापास झाली तर दुसऱ्यांदा माझ्यासमोर होणार होती.

ती बाहेर गेल्यावर यंदाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "चार द्यायचे का पाच?" पाच म्हणजे नापास. व्रात्को म्हणाला, "चार." अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. त्यात मी मुरलेली आहे. शेवटी त्यांनी स्वतःच चार लिहिले. "समुद्र बघितलाय तिनं, हे नक्की," म्हणाल्या.

निकाल वाचायला अजून अर्धा तास होता. ओटीलिया चहाच्या खोलीत ताट मांडत होती. पावाच्या कापांवर बटाट्याचं सॅलड, हॅम, उकडलेलं अंडं, काकडीचं लोणचं. एकेक काप मापात. मी दार लोटून घेतलं.

"ती चिठ्ठी का नाही घेतलीस?"

"तुमची मदत एकदा घेतलीये मी, बाई." तिनं हात पुसले, पर्समधून घडी घातलेला पिवळा कागद काढला आणि ताटाशेजारी ठेवला. शाळेचा टाइपरायटर. त्यातला 'r' केसभर वर उडायचा, तो अजून उडत होता.

मी खुर्ची ओढून बसले. "तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. आमच्या घरी टाइपरायटर कुठला? आणि तुमच्या सगळ्या प्रश्नपत्रिकांत हा 'r' असाच उडायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं माझं? बापानं दोन दिवस जेवायला दिलं नाही. मी म्हटलं, बाई स्वतः सांगतील. घाबरल्या असतील, नवीन आहेत इंग्रजीत, जरा वेळ देऊ. मी तुम्हाला नाताळपर्यंत मुदत दिली होती." तिनं एक काप सरळ केला. "मग पुढच्या नाताळपर्यंत. नंतर मुलं झाली, मोजायचं राहिलं."

"सप्टेंबरात तरी यायचंस ग."

"आले असते. पण समोर तुम्हीच बसला असता ना."

मला रडू आलं, तेही थकल्यासारखं, नुसतं डोळ्यांतून गळत राहिलं. तिनं माझ्यापुढे कागदी रुमाल सरकवला, पिवळा कागद परत पर्समध्ये टाकला आणि ताट उचलून निघून गेली. माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिला काम होतं.

निकालाला सगळे उभे राहिले. अध्यक्षबाईंनी गुण वाचले. ओटीलिया पास झाली, टाळ्या पडल्या. मग व्रात्को म्हणाला की झेलमीराबाईंचं हे शेवटचं वर्ष, बाईंनी दोन शब्द बोलावेत. कुणीतरी फुलं दिली. दरवर्षीचं भाषण मला पाठ आहे, आयुष्य, पंख वगैरे. मी फुलं टेबलावर ठेवली.

"त्र्याण्णव साली याच कापडाखाली एक कागद सापडला होता," मी म्हणाले. "तो ओटीलियाचा नव्हता. माझा होता. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी लपवला होता. मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले कल्पना नाही. या बाईची सव्वीस वर्षं त्यात गेली."

व्रात्को कपात बघत राहिला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे... अहो, हे आता कुठे लिहायचं? प्रपत्रात याला रकाना नाही."

"रकाना नको," ओटीलिया म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं ना? झालं तर."

ती टेबलापाशी आली. मला वाटलं हात मिळवेल, मी हात पुढे केला. तिनं त्या हातात पिवळा कागद ठेवला.

"हा घ्या," ती म्हणाली. "तुमचा आहे."