धुराड्याला स्वेटर

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत, इथली थंडी मात्र बाहेरच्यांना खोटी वाटते. रुचिकाला ती वैरिणीसारखी ओळखीची होती, कारण डिसेंबर लागला की तिचं धुराडं रुसायचं. घराच्या मागच्या खोलीत ती चुलीवर मटकं पालथं घालून लंबी रोटी करायची आणि लग्नकार्याच्या घरी पोहोचवायची. ही रोटी गॅसवरही होते म्हणणाऱ्यांनी ती कधी खाल्लेली नसते. एरवी धूर पत्र्याच्या पाइपातून गुमान वर जायचा. थंडीत मात्र सकाळी चूल पेटवली की तोच धूर माघारी फिरून घरभर हिंडायचा.

सासरे, ईश्वरदास, दम्याचे. धंतोलीच्या डॉक्टरने त्यांना धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. ते ऐकून नवऱ्याने, पियुषने, परस्पर ठरवून टाकलं की रविवारी मिस्त्री येईल, पाइप काढेल आणि भोक विटांनी बुजवेल. रोटीचं काय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. रुचिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांच्या छातीची काळजी तिलाही होती. पण या घरात तिचं म्हणावं असं ते धुराडं एवढंच होतं, आणि ते ती सुखासुखी सोडणार नव्हती.

एक गोष्ट तिने हेरून ठेवली होती. पाइप एकदा तापला की धूर कधीच परतत नसे. म्हणजे सगळा घोळ रात्रभर गारठलेल्या पत्र्याचा होता.

ती शिडी लावून छतावर चढली. माती आणि कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, तुडवून केलेला गारा तिने पाइपाभोवती जाड थापला, वरून तार आवळली आणि दव आत उतरू नये म्हणून पाइपाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसवली. सुनेने असं छतावर चढावं का, यावर खाली गल्लीत चर्चा रंगली. शेजारच्या कुसुमताईंना तर राहवेना.

"पाइपले स्वेटर घालून राहिली का वं?"

"हो," रुचिका वरूनच म्हणाली. "माणसायले घालतो तर त्याले काहून नाही?"

मग उन्हाने गारा चांगला वाळला.

रविवारी मिस्त्री विटा आणि सिमेंट घेऊन दारात हजर झाला. चूल पेटायच्या आधी बाबांनी कुसुमताईंकडे जाऊन बसावं, असं पियुषचं म्हणणं. रुचिकानेही तेच विनवलं. ईश्वरदासांनी दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी शाल गुंडाळली आणि खुर्ची सरळ चुलीच्या खोलीत आणून टाकली. म्हातारा एकदा जरी खोकला असता तरी सगळं संपलं असतं.

तिने कागदाचा बोळा पेटवून आधी पाइपाच्या तोंडाशी धरला. पत्रा हाताला कोमट लागल्यावर मग लाकडं पेटवली. धूर चुलीच्या तोंडाशी घुटमळला, थोडा बाहेर डोकावला आणि मग वर ओढला गेला. सगळाच्या सगळा गेला. ईश्वरदासांनी छाती भरून श्वास घेतला आणि शांतपणे सोडला.

पियुष तरी हटेना. आज गेला, उद्या परत येईल, असं म्हणून त्याने मिस्त्रीला कामाला लागायला सांगितलं. मिस्त्री जागचा हलला नाही, तेव्हा पियुष वडिलांकडे वळला. आता तुम्हीच काय ते सांगा, म्हणाला.

"मले काहून इचारून राहिला?" ईश्वरदास म्हणाले. "धुराडं तिचं आहे. तिले इचार."

पियुषने बायकोकडे पाहिलं. त्याच्या विचारण्यासाठी रुचिका थांबली नाही. सिमेंट आणलंच आहे तर छतात पाइपाभोवती राहिलेली फट नीट बुजवून द्या, असं तिने मिस्त्रीला सांगितलं आणि हातावर कणीक घेतली.

"पण परत धूर आला तं मीच तोडीन," सासरे मागून म्हणाले.

कोपरापर्यंत लांबलेली रोटी तिने मटक्यावर टाकली. "तोडा ना मामाजी. पण शिडीवर तुमालेच चढा लागन."