दोरीवर राहिलेल्या चादरी

हेरिंग मासळीचे व्यापारी हॅरिस बेटावर येत, त्यांच्यासाठी माझ्या आजेसासऱ्यांनी हे पाहुणेघर बांधलं. पहिली मालकीण आजेसासूबाई ऑयरिक. मासळी सरली, व्यापारी गेले; मग गळ टाकायला साहेब लोक येऊ लागले. त्यांना सांभाळलं सासूबाई मॅरियननी. साहेब कितीही मोठा असो, संध्याकाळी बायबल उघडलं की त्यानंही गुडघे टेकायचे. आणि रविवारी घरात काम म्हणून नाही. उन्हाळा लागला की इथं साऱ्या देशाची घड्याळं तासभर पुढे करतात, तीही नेमकी रविवारी, म्हणून सासूबाई सोमवारपर्यंत काट्याला हात लावत नसत. एका वर्षी आमचे सगळे पाहुणे चर्चमध्ये पोचले ते शेवटच्या स्तोत्राला!

तिसरी मी, इशबेल. आता गुडघे बोलतात, पदरी मूल नाही. यंदा ग्लासगोहून माझी भाची शोना आली.

"हा उन्हाळा बघते, आत्या," ती म्हणाली. "गावानं मला आपलं म्हटलं तर राहीन. नाहीतर तू घर विकून टाक."

विकलं तर कुणीतरी लांबचा घेणार, वर्षातून पंधरवडा येणार आणि एरवी कुलूप. दोन्ही वेळच्या प्रार्थनेत मी एवढंच मागत होते, की पोर राहू दे.

शनिवारी पोरीनं मन लावून तयारी केली. रस्सा आणि मांस शिजवलं, बटाटे सोलून पाण्यात ठेवले, चुलीत जाळायची पीट मातीची ढेकळं आत आणली. मला धन्य वाटलं. रविवारी सकाळी पडदा सरकवला, तर मागच्या दोरीवर घरातल्या झाडून साऱ्या चादरी फडफडत होत्या.

"शोना! अगं, चादरी!"

"अगं बाई, विसरलेच! थांब, पळत जाऊन काढते."

"काढायच्या नाहीत. आज रविवार."

"मग राहू देऊ?"

"राहू कशा देणार? आज रविवार! दोरीवर कपडे दिसले तर गाव तोंडात शेण घालेल."

"आत्या, ठेवल्या तरी पाप, काढल्या तरी पाप. मग करू काय?"

चर्चचा रस्ता आमच्या फाटकावरून जातो. काळ्या कपड्यांतली मंडळी यायला लागली होती. पुढे चर्चचे नियम सांभाळणारे ज्येष्ठ अॅलिस्टर, डोक्यावर हॅट. शेजारी त्यांची बहीण पेगी. तिची जीभ अख्ख्या बेटाला माहीत.

"काय गं इशबेल," पेगी फाटकातून म्हणाली, "शिडं उभारलीस? कुठं निघालं तुझं घर?"

शोनाचे डोळे भरले. "झालं. मी उद्याच्या बोटीनं जाते."

तेवढ्यात वाऱ्यानं एक चादर सुटली आणि घरामागं चरणाऱ्या अॅलिस्टरच्याच मेंढ्याच्या शिंगांत अडकली. काही दिसेना, तसा तो पांढरा गोळा बें बें करत समुद्राकडच्या उतारावर धावला.

"अहो काका, कड्यावरून पडेल तो!" शोना चपला टाकून पळाली. मागोमाग अॅलिस्टर, हॅट हातात धरून. तिनं मेंढ्याचे पाय धरले, त्यांनी शिंगं. तिघं मिळून चिखलात लोळली.

अॅलिस्टर उठले. चर्चचा कोट मातीनं माखलेला. सगळी मंडळी फाटकाशी जमलेली.

"विहिरीत पडलेला बैल विश्रांतीच्या शब्बाथ दिवशीही काढावा, असं प्रभूनं सांगितलंय," ते गंभीरपणे म्हणाले. "दयेचं काम माफ आहे." मग दोरीकडे बघून म्हणाले, "माझे आणखी मेंढे मोकळे आहेत. त्यांच्या जिवाला धोका दिसतो. शोना, तू त्या टोकानं चिमटे काढ, मी या टोकानं काढतो."

"आणि घड्या कोण घालणार?" पेगीनं विचारलं.

"घडी घालणं हे मात्र काम झालं," अॅलिस्टर म्हणाले. "बोळे करून आत टाका."

पेगी फसकन हसली. फाटक ढकलून आत आली, कवेत मावतील तेवढे बोळे घेतले आणि शोनाला म्हणाली, "चल बये, तोंड धू. आमच्या बाकावर जागा आहे. कपड्यांवरचा चिखल तसाच राहू दे, तू नि अॅलिस्टर दोघं शोभाल."

त्या दिवशी स्तोत्र म्हणताना बाकाबाकावर दाबलेल्या हसण्यानं खांदे हलत होते. देव क्षमा करो, माझेही.

दुपारी गार मांस खाताना शोना म्हणाली, "आत्या, मी राहते. पण कपडे वाळवायचं यंत्र घेणार."

"घे ना, बाळ," मी म्हटलं. "फक्त रविवारी त्याचं बटण दाबायचं नाही."

"आणि शनिवारी रात्री ते चालूच राहिलं तर?"

मी म्हटलं, "अॅलिस्टरला विचारू. पण उद्या."