वहिनीचा डावा गाल

"दुसरं काय असणार? नवरा मारत असेल. उगाच गाल आत जातो होय?"

कांदा काढायला आलेल्या बायांतली एक दुसरीला म्हणाली. हळू बोलल्यासारखं केलं, पण बांधाच्या अलीकडं मला ऐकू आलं. आणि दादा तर गोणी खांद्यावर घेऊन तिच्या पाठीमागंच उभे. त्यांनी गोणी तिथंच आदळली.

"मी मारतो? कधी पाहिलंस तू? सांग की!"

"मी कुठं तुमचं नाव घेतलं, मालक?"

"मग काय, शेजारणीचा नवरा मारतो अन् गाल हिचा वाळतो?"

बाया फिसकन हसल्या. दादा आणखी भडकले. वहिनी खाली मान घालून पाती कापत होती. विळा न थांबवता म्हणाली, "भांडा तुम्ही निवांत. ऊन चढलं की कांदा भाजेल, त्याला कोण विचारतंय?"

आमचं वावर अन् त्यांचं वावर, मधे एक बांध. ही नवरा-बायको मला घरच्यासारखीच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तोंड कसं भरलेलं होतं. दुसऱ्या वर्षी डाव्या गालावर काळपट पट्टा उठला, काजळाचं बोट ओढल्यासारखा. मग गाल बसायला लागला. तळं आटतं ना, तसं. रोज बघणाऱ्याला कळतच नाही. डोळा खोल गेला, ओठाचा कोपरा वर ओढला गेला. उजवीकडनं बघावं तर वहिनी, अन् डावीकडनं बघावं तर वहिनीची म्हातारी आत्या.

मग काय, गावात जेवढी तोंडं तेवढी औषधं. कुणी म्हणालं वारं लागलं, कुणी म्हणालं ही एकाच बाजूनं चावते. सासू जेवताना समोर बसून ओरडायची, "डावीकडनं चाव, डावीकडनं!" दादांनी एका म्हशीचं दूध विकायचंच बंद केलं. सगळं बायकोला. वर रोज अंडी. वहिनीचे दंड भरले, पोट सुटलं, पण गाल रिकामा तो रिकामाच.

"सगळ्या वावरात पाणी फिरतंय," दादा कपाळाला हात लावून म्हणायचे, "हा एकच वाफा कोरडा कसा राहतो?"

दातांच्या डॉक्टरकडं नेलं, तर त्यानं मागच्या दोन धडधाकट दाढा उपटून हातात दिल्या. आजार रेड्याला अन् औषध पखालीला! गाल होता त्याहून खाली बसला. लसीकरणाला येणारी नर्सबाई म्हणाली होती, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरला दाखवा. वहिनीनं घरात परत परत विषय काढला. दादांचं एकच, "गाल आतनं चाललाय, कातडीचा डॉक्टर काय त्याला रंग देणार?"

कांद्याच्या शेतातलं ते बोलणं वाऱ्यावर गेलं नाही. वहिनीच्या माहेरी पोचलं. तिचा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. तो ट्रक रस्त्यातच उभा करून आला, पायातलं न काढता थेट ओसरीवर.

"कपडे भर. चल घरी."

"बसा तरी," दादा म्हणाले.

"बसायला नाही आलो, भाऊजी. बहीण दिली होती, वाळवायला नव्हती दिली."

"मी वाळवली? अरे, म्हशीचं आख्खं दूध पाजलं तिला!"

"मग ते गेलं कुठं? तुमच्या मिशीत?"

दादांनी त्याची गचांडी धरली, त्यानं दादांची. सासू रडायला लागली. आवाज ऐकून मी धावत गेले, पण त्या दोन रेड्यांच्या मधे शिरायचं कसं? तेवढ्यात वहिनी गोठ्यातनं आली. हात शेणानं भरलेले. तसेच दोन्ही हात दोघांच्या छातीवर ठेवून तिनं ढकललं.

"सोडा! माझ्या गालावर दोघांची भांडणं पिकतात. माझ्याशी कुणी बोलतंय का? शहरात न्या म्हणून घसा कोरडा केला मी, तर ह्यांना पटत नाही. अन् भाऊ, तू आज ट्रक घेऊन आलास. वर्षभर कुठं होतास? माहेरी नेऊन काय करशील? तुझ्या ओसरीवर बसले की गाल वर येईल?"

दोघांच्या सदऱ्यांवर शेणाचे पंजे.

शहरात आम्ही चौघं गेलो. बाईमाणूस सोबतीला हवं म्हणून वहिनीनं मला ओढलं. डॉक्टरीणबाईंनी गाल चाचपला, जीभ बाहेर काढायला लावली, कपाळ बघितलं, फोटो काढले. आजाराचं नाव इंग्रजी अन् इतकं लांब, की आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात बसलं नाही.

"लाखांत एखाद्यालाच होतो," त्या म्हणाल्या. "मारण्यानं नाही, उपाशी ठेवण्यानं नाही. दुसऱ्याला लागत नाही. कशानं होतो ते आम्हालाही नक्की ठाऊक नाही. काही वर्षं वाढतो, मग बहुतेक वेळा आपोआप थांबतो. गोळ्या देते, त्यानं जोर कमी झाला तर झाला. पूर्ण थांबला की पोटाची चरबी काढून गालात भरता येते."

"थांबणार कधी?" दादांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मग आत्ताच भरा की," भाऊ म्हणाला.

"आत्ता भरली तर तीही जिरून जाईल."

बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसला. "एवढा मोठा दवाखाना, अन् सांगतात काय, तर वाट बघा."

"म्हशीचं दूध तरी वाया नाही गेलं, पोटावर चरबी झाली," दादा म्हणाले, पण त्यांना हसू आलं नाही.

वहिनी भिंतीकडं तोंड करून उभी होती. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, "दाढा मात्र फुकट गेल्या गं माझ्या." अन् तेवढ्यावरच तिला रडू फुटलं.

परतीच्या बसमध्ये समोर एक म्हातारी होती, मांडीवर एक गाठोडं अन् वहिनीच्या शेजारच्या जागेवर दुसरं. ती बराच वेळ टक लावून बघत होती. शेवटी राहवलं नाही. "पोरी, गालाला काय झालं गं?"

"लहानपणी भाजलं," भाऊ म्हणाला.

"दाढ काढली," दादा म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. म्हातारी एकदा ह्याच्याकडं बघते, एकदा त्याच्याकडं.

वहिनीनं डोळे पुसले. "भाजलंबिजलं काही नाही, आजी. गाल वाळतोय माझा. नवरा मारत नाही, अन् तुम्हाला हे लागायचं नाही. अजून किती वाळेल ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. कळलं? आता ते गाठोडं उचला बघू. मला टेकायचंय."

म्हातारीनं निमूट गाठोडं उचललं. वहिनी सरकून बसली, मान मागं टाकली अन् डावा गाल सगळ्या बसकडं करून डोळे मिटले. थोड्या वेळानं घोरायला लागली.