रुपरावचे पस्तीस

माणूस गेला की लोक त्याच्या बायकोशी हळू आवाजात बोलतात, इथवर मी समजू शकते. पण पत्तेही हळू खेळतात, हे मले यंदाच कळलं. बम राग येते त्याचा.

आमचे हे, म्हणजे रुपराव, त्याईले जाऊन या दिवाळीत वर्ष होईल. प्रताप नगरच्या आमच्या घरी अकरा वर्षं दर रविवारी दुपारी तीनले पोकरचा डाव बसत आला. हे, लकडगंजात लाकडं कापायची आरामशीन असलेले ईश्वरदास, मौद्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले रामाजी, अन् वरच्या मजल्यावरचा बँकवाला वैभव. ईश्वरदासनं सागाच्या फांदीच्या चकत्या कापून आणल्या होत्या, एक चकती म्हणजे पाच रुपये. कोणी तीनशे रुपये हरला तं आठवडाभर त्याचीच चर्चा.

मी खेळत नव्हते. पण स्वयंपाकघराचं दार हॉलमध्येच उघडते, अन् कान काही मी माहेरी ठेवून आले नव्हते. दोन-दोन पत्ते वाटले की मधले पत्ते उघडायच्या आधीच कोण किती वाढवते, एवढ्यावरून मी सांगत होते कोणाजवळ काय आहे. रामाजी तीस म्हणाले, म्हणजे दोन चित्रं. ईश्वरदास पन्नास म्हणाले, म्हणजे एक्क्यांची नाही तं राजांची जोडी. बारकी जोडी असली तं ते वाढवतच नाहीत, चुपचाप दहा देऊन बसतात. वैभव मोबाइलवर शिकलेला. एक्के असले तरी चाळीस, अन् एका रंगाची नव्वी-अठ्ठी असली तरी चाळीस. "आकडा एकच ठेवला की कोणाले पत्ता लागत नाही, काकू," म्हणे. खरं होतं त्याचं.

कोडं सुटलं नाही ते आमच्या ह्यांचं. हे दर रविवारी एखाद्या डावात पस्तीस म्हणायचे. आमच्या टेबलावर तीसले तिघंही तेवढेच लावून मागं येतात, पन्नासलेही एखादा येतेच. पण ह्यांच्या पस्तीसले सगळे पत्ते टाकून मोकळे. अन् मागं कोणी आलंच नाही तं पत्ते दाखवायची गरज नसते. रात्री जेवताना विचारलं तं म्हणत, "राजा-राणी होते वं." दर रविवारी राजा-राणी. मले काय भैताड समजले होते?

ते गेले अन् डाव बंद पडला. सहा महिने मी कळ काढली, मग मीच तिघाईले फोन केला. म्हटलं, या, चौथी मी बसते. आले बिचारे. मी ह्यांच्या खुर्चीवर बसले.

पण खेळतो कोण? मी तीस म्हटलं की तिघंही पत्ते खाली. पन्नास म्हटलं, पत्ते खाली. ईश्वरदासनं एकदा टाकलेले पत्ते मी उलटून पाहिले तं राजांची जोडी. राजांची जोडी कोणी टाकून देते का, बाप्पा? सांत्वनाले आल्यावानी खेळून राहिले होते. तिसऱ्या रविवारी चकत्या लावता लावता ईश्वरदास म्हणाले, "वैनी, पुढच्या वेळपासून माझ्याकडे लकडगंजात बसू. तुम्हाले उगाच त्रास."

रविवारी तीन वाजता या घरात आवाज झाला नाही तं मी काय करू, हे कोणी विचारलं नाही. मी पत्ते वाटले.

दोन राण्या आल्या. मनात म्हटलं, आज तरी कोणी मागं या गा. अन् का कोण जाणे, तोंडातून ह्यांचाच आकडा निघाला. पस्तीस.

चकत्या टेबलावर पडायच्या आधी तिन्ही हात एकदम खाली आले. मग तिघंही एकमेकाईकडे पाहून राहिले.

"बस झालं," मी म्हटलं. "दया करायची असंन तं घरी बसून करा. काहून टाकले पत्ते?"

"दया नाही वैनी," ईश्वरदास म्हणाले. "सवयीनं झालं."

"कसली सवय?"

रामाजीनं चष्मा काढला. "आपला नियम होता ना, चहा झाला की चालू डाव जो जिंकंन, त्यानं आत जाऊन ट्रे आणायचा. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासूनचा. आत कपबश्या वाजल्या की रुपराव पस्तीस म्हणत. हातात काही असो. पहिल्यांदा मले माहीत नव्हतं, मी राजांवर मागं गेलो. त्याईची सत्ती-दुर्री निघाली. डाव मी जिंकला, ट्रे मी आणला, अन् हा माणूस संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून आम्ही ठरवलं, पस्तीसले कोणी मागं जायचं नाही."

तो दिवस मले आठवला. रामाजी आत आले अन् मी विचारलं होतं, "आज हे कुठं गेले?"

त्या ऑपरेशनपासून ट्रे न्यायले हेच येत, मी समजे नशिबाचा माणूस आहे. येत, ओट्याले टेकून उभे राहत, बशीत घोटभर चहा ओतून पीत अन् म्हणत, साखर कमी आहे. साखर बरोबर असे. अन् मी दर वेळी म्हणे, "उभे काहून राहता? जा, डाव खोळंबला." अन् ते जात.

मी राण्या सरळ करून टेबलावर ठेवल्या.

"ते पस्तीस त्याईचे होते," मी म्हटलं. "माझ्या पस्तीसले मागं यायचं. पुढच्या रविवारी, इथंच, तीन वाजता."

"बरं," ईश्वरदास म्हणाले. "मग मी तुम्हाले सोडणार नाही, वैनी."

"नका सोडू."

डाव मी जिंकला होता, म्हणजे ट्रे मलेच आणायचा होता. आत गेले, चहा ठेवला, चार कप मांडले. चहा झाल्यावर बशीत घोटभर ओतला अन् ओट्याले टेकून प्यायले. साखर बरोबर होती.

बाहेरून वैभवनं हाक मारली, "काकू, डाव खोळंबला."

"खोळंबू दे गा," मी म्हटलं. "दोन मिनिटं थांबा."