म्यान करताना

अंबरीष कपडे बदलून बाहेर आला तेव्हा त्याने दोन्ही पाय हाकामाच्या एकाच पायात घातले होते. हाकामा म्हणजे धोतर आणि घागरा यांचा चुलतभाऊ. चुण्यांचुण्यांचा, घोळदार, आत दोन पाय वेगळे शिवलेले असतात हे बाहेरून कळत नाही.

"वहिनी, कसा दिसतोय?"

"चालून दाखव बघू."

तो ऐटीत चालायला गेला आणि हाकामाचा रिकामा अर्धा भाग त्याच्या मागून पोत्यासारखा फरफटत आला. मी तोंडावर हात ठेवला. आमच्या शिक्षिका मुराई-सेन्सेई मात्र हसल्या नाहीत. सत्तरी ओलांडलेली ही बाई थोड्या वेळापूर्वी सायकलवरून आली होती. पुढच्या टोपलीत कोबी, पाठीला तलवार. त्यांनी अंबरीषला बाहीला धरून शांतपणे पुन्हा खोलीच्या दाराशी नेऊन सोडलं. आमचा तलवारबाजीचा पहिला धडा हा असा झाला.

अंबरीष धीरजच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला. इथे जपानात, फुनाबोरीत, आमच्याच गल्लीत राहतो. वॉर्डाच्या पत्रकात 'नवशिक्यांचं स्वागत' असं वाचल्यापासून तो धीरजच्या मागे लागला होता. धीरज म्हणाला, "रविवारी सकाळी मी फक्त अंथरुणाशी लढतो. हिला ने."

तो हे गमतीत म्हणाला. मी लगेच हो म्हटलं तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

मला नेमकं काय हवं होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी स्टेशनवरून परत येऊन गॅस बघणारी बाई आहे. लिफ्टमध्ये शिरताना भूकंप झाला तर काय, हा विचार मी रोज करते. माझी मुलगी मैत्रेयी झोपेत कूस बदलते तेव्हा तिच्याआधी मी जागी होते. हातात तलवार असलेली बाई मागे वळून गॅस बघत नसणार, असं मला वाटत होतं. डोळ्यांपुढे चित्रसुद्धा तयार होतं: पहाटेचं धुकं, गुलाबी पाकळ्या, एकच वार, आणि मी. शांत.

तलवार सुरू झाली त्याच एप्रिलमध्ये मैत्रेयी पहिलीत गेली. इथे पहिलीची मुलं शाळेत चालत जातात, आणि आईशिवाय जातात. डोक्यावर पिवळी टोपी, पाठीवर पेटीसारखं कडक दप्तर, दप्तराला एक घंटी. आमच्या वाटेत एक सिग्नल आहे आणि पुढे नदीवरचा पूल. पहिला आठवडा आया सोबत गेल्या, मग सगळ्या थांबल्या.

मी थांबले नाही. मी फक्त मागे राहायला लागले. आमच्या गल्लीत नाणं टाकून कोल्ड्रिंक नाहीतर गरम कॉफी घ्यायची यंत्रं बरीच आहेत. एका यंत्राच्या आडून दुसऱ्याच्या आड, अशी मी पुलापर्यंत जात असे.

रविवारी दोजोत, म्हणजे त्या लाकडी जमिनीच्या लांबलचक खोलीत, आम्ही शिकत होतो ती विद्या तशी साधी. तलवार काढायची, वार करायचा, परत म्यान करायची. समोर कोणी नसतं. शत्रू आहे असं आपण धरून चालायचं. अंबरीषला हे पटत नव्हतं.

"वहिनी, विचारा ना त्यांना, बांबू कधी कापायचा?"

मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं. सेन्सेई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बांबूने यांचं काय वाकडं केलंय?"

पहिले दोन रविवार आम्ही फक्त बसायला शिकलो. गुडघे मोडून, टाचांवर. मांडी घालून तासन्तास बसणारी मी, मला वाटलं हे काय अवघड आहे. उठायला सांगितलं तेव्हा पाय होतेच कुठे? मी धाडकन अंबरीषच्या अंगावर. तो आधीच आडवा होता. मग नमस्कार: तलवारीला, भिंतीला, एकमेकांना. मग पट्टा बांधणं. मग लाकडी तलवार मिळाली, आणि ती काढायला आल्यावर आम्हाला वाटलं, झालं की!

"काढता सगळ्यांनाच येते," सेन्सेई म्हणाल्या. "आता परत घाला."

तिथे सगळं अडलं. डाव्या हाताने म्यानाचं तोंड धरायचं. अंगठा आणि बोट यांच्या बेचक्यात पात्याची पाठ टेकवायची आणि ती तशीच पुढे सरकवत न्यायची. टोक बेचक्याशी आलं की ते आपोआप तोंडात उतरतं. आणि हे सगळं खाली न बघता. नजर समोर, तो पडलाय तिथे.

मला ते जमेना. हाताला सगळं कळत होतं, तरी शेवटच्या क्षणी मान खाली जायचीच. सेन्सेई हातातल्या घडीच्या पंख्याने जमिनीवर टक्टक करायच्या. मी दचकून वर बघायची. पुन्हा मान खाली.

एका रविवारी त्यांनी पंखा बाजूला ठेवला, माझ्यापुढे आल्या आणि चक्क जमिनीवर आडव्या झाल्या. एक हात इकडे, एक तिकडे.

"हं. मला तुम्ही मारलंय," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "पण मी अजून मेले नसेन. माझ्याकडे लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. त्यांनी एक डोळा मिचकावला. मी हसले, आणि हसता हसता मान खाली गेलीच.

"बघा," त्या उठून बसत म्हणाल्या, "आता तुम्ही मेलात."

अंबरीष मे महिन्यातच सटकला. सेन्सेईंनी त्याला सांगितलं होतं की खऱ्या धारेच्या तलवारीला अजून बरीच वर्षं आहेत.

"वहिनी, माझी मुंज यापेक्षा लवकर उरकली होती," तो म्हणाला आणि त्याचा महागडा काळा हाकामा मला देऊन गेला. मी तो खालून दुमडून घेतला. उन्हाळ्यात सेन्सेईंनी मला दोजोतली सरावाची तलवार घरी न्यायला दिली. तिला धार नव्हती, पण टोक ते टोकच. माझ्या डाव्या बेचक्यात कायम एखादा ओरखडा असायचा. भांडी घासताना तो चुरचुरला की मला आतून फार आनंद व्हायचा. धुकं नाही, पाकळ्या नाहीत, घामाने चिकटलेलं कापड आणि सुजलेले गुडघे. तरी शनिवारी रात्री मला झोप लागत नसे, लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री लागायची नाही तशी.

घरी सराव करताना मैत्रेयी परीक्षक. सोफ्यावर मांडी घालून बसायची, हातात उलथनं. मी तलवार म्यान करायला घेतली की तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर.

"मिता!" म्हणजे बघितलंस. उलथनं खाली.

"नाही गं बघितलं."

"मिता, मिता! आई, तू चीटिंग करतेस."

सप्टेंबरमधल्या एका सकाळी मी दुसऱ्या यंत्राच्या आड उभी होते आणि घंटी वाजायची थांबली. वाकून बघितलं तर पिवळी टोपी माझ्यासमोरच.

"मिता," ती म्हणाली. या वेळी हळू.

तिच्या मागे वर्गातली दोन मुलं उभी होती. एकजण खुदकन हसला.

"मी कॉफी घ्यायला आले होते," मी म्हटलं आणि नाणं टाकून बटण दाबलं.

"तू कॉफी पीत नाहीस." ती जपानीतच बोलत होती, म्हणजे त्या मुलांना कळेल असं. मग जवळ येऊन मराठीत: "कोणाचीच आई येत नाही. हारुतोची पण नाही. तो बारका आहे माझ्यापेक्षा."

कॉफीचा गरम डबा हातात धरून मी घरी आले. तो प्यायले नाही. टाकवेनाही.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. तिने दिवसभर विचार केला असावा.

"आई, तुझी तलवारीची परीक्षा कधी आहे?"

"ऑक्टोबरात."

"तू पास झालीस की माझ्या मागे यायचं नाही."

"आणि नापास झाले तर?"

तिने वरणभात कालवत हिशेब केला. "तर ये. पुढच्या परीक्षेपर्यंत."

"अरे वा," धीरज म्हणाला. "मैत्रेयी, तू फसलीस बाळा. ही आता मुद्दाम नापास होणार बघ."

तोच विचार माझ्या मनात येऊन गेला होता. मैत्रेयीने करंगळी पुढे केली. इथली मुलं करंगळीत करंगळी अडकवून शपथ घेतात. मोडली तर सुया गिळायच्या. मी करंगळी दिली. तिच्या बोटाला वरणाचा चिकटपणा होता.

खंडेनवमीला मी पाटावर धीरजचा लॅपटॉप, भाजीची सुरी आणि तलवार मांडली. पात्याला बोट लावायचं नाही ही सेन्सेईंची सक्त ताकीद, म्हणून हळदकुंकू तिच्या पिशवीच्या नाडीला लावलं. "तलवारीकडे काय मागितलंस?" धीरजने विचारलं. काय मागायचं ते खरंच ठरत नव्हतं.

परीक्षेचा दिवस. क्रीडा संकुलाचा तो प्रचंड हॉल, सगळीकडे काळे निळे हाकामा, कपड्यांची सळसळ आणि मध्येच म्यानातून पातं निघाल्याचा आवाज. छातीवर नंबर. वर प्रेक्षकांच्या बाकांवर धीरज आणि मैत्रेयी. तिने हात हलवला, मी हलवायचा नव्हता. सेन्सेई माझ्याजवळ आल्या. पट्ट्याची गाठ ओढून बघितली आणि म्हणाल्या, "काही खाल्लंय का? नाही? मग पडू नका हं. पडायचं काम दुसऱ्याचं." आणि गेल्या.

टेबलामागे परीक्षक बसले होते. मी आत गेले, तलवारीला नमस्कार केला. पहिला वार झाला. उठले, वळले, वार केला, बसले. पाय माझे मलाच सापडत होते! दर वेळी म्यान करताना मान कशीबशी सरळ राहिली. मला हे आवडतंय, हे मला तिथे मध्यावर येऊन कळलं, आणि तेव्हाच दुसरंही: आता फक्त शेवटचं राहिलंय. फक्त एकदा खाली बघायचं. कोणाला सांगावंही लागणार नाही. उद्या सकाळी यंत्राच्या आड.

शेवटचा वार केला. डावा हात म्यानाच्या तोंडाशी गेला. पात्याची पाठ बेचक्याला टेकली.

वरून स्टीलची बाटली पडली. टण, टण, टण, पायऱ्यांवरून. आणि मग, "आई गं!"

दिवसभर जपानी बोलणारी माझी मुलगी ठेच लागली की मराठीतच ओरडते.

मानेची शीर न् शीर त्या बाजूला ओढ घ्यायला लागली. धीरज आहे तिथे, मी स्वतःला सांगितलं. पण ही मान माझं ऐकणारी नाही, हे मला माहीत होतं. मी समोरच्या रिकाम्या जमिनीकडे बघितलं. तिथे मुराई-सेन्सेई आडव्या पडल्या होत्या, एक हात इकडे, एक तिकडे. अजून मेले नसेन म्हणत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. बेचक्यातून थंड पाठ सरकत गेली, सरकत गेली, संपली. टोक आत उतरलं. मी तलवार सावकाश आत नेली, इतकी सावकाश की मुठीपुढची चकती म्यानाला टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

नमस्कार करून रेषेबाहेर आले आणि मगच वर बघितलं.

मैत्रेयी कठड्याशी एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायाचा अंगठा धीरजने मुठीत धरला होता. गालावर ओघळ होते, नाकाचा शेंडा लाल. ओरडायला मनाई होती म्हणून तिने नुसता हात उंच केला. त्या हाताची करंगळी वर होती.

निकाल दुपारी लागला. फळ्यावरच्या कागदावर माझा नंबर होता. तो मैत्रेयीनेच आधी शोधला.

सोमवारी सकाळी तिच्या अंगठ्याला पट्टी होती. बुटात तो दुखत होता. ती म्हणाली दुखत नाही. टोपी घातली. दप्तर अडकवलं.

"इत्तेकिमासु," ती म्हणाली. जाऊन येते.

"नीट जा" एवढंच मी म्हटलं. सिग्नलचं बोलले नाही, पुलाचंही नाही. दार लागलं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवर. मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले आणि परातीत पीठ घेतलं. घंटी जिना उतरली. पहिल्या यंत्रापाशी आली. एक पाऊल जड, एक हलकं. तिचं लंगडणं घंटीत ऐकू येत होतं.

कोपऱ्याशी घंटी थांबली. तिथून आमची खिडकी दिसते.

मी पिठात पाणी घातलं. जरा जास्तच पडलं. डाव्या हाताच्या बेचक्यात कालचा ओरखडा चुरचुरला. घंटी अजून थांबलेलीच होती.

मग ती पुन्हा वाजायला लागली, पुलाच्या दिशेने, आणि मी मळत राहिले.