पाठ झालेला तक्ता

जोंधळेबाईंचा जीव त्या आठवड्यात थाऱ्यावर नव्हता. शिकवता शिकवता त्या मध्येच खिडकीशी जात, ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादी जीप दिसते का ते बघत आणि परत फळ्याशी येऊन कुठवर आलो होतो ते पोरांनाच विचारत. पोरं बिनचूक सांगत. दिघ्याच्या शाळेतल्या पोरांना सगळं पाठ असे, हा बाईंच्या वीस वर्षांच्या नोकरीतला अभिमान होता.

जीप यायची होती गुरुवारी. तिच्यासाठी बाईंनी दोन वर्षांत सतरा अर्ज खरडले होते. मागणी काय, तर शाळेच्या मागची रिकामी खोली आणि आठवड्यातून एक दिवस एक नर्स. आईबाप खाणीत नाहीतर कंपनीत. सकाळच्या पाळीला गेलेला माणूस पोराला घेऊन ठाण्याच्या दवाखान्यात रांगेला कधी बसणार? पोर रोज शाळेत येतं, तेव्हा दवाखान्यानंच शाळेत यावं. इतकी साधी गोष्ट, पण ती वरच्या ऑफिसच्या गळी उतरवताना बाईंच्या केसांत पांढरी बट आली.

हे वेड लागायला कारण होतं गोजरा. तिसरीतली पोर, वर्षभर कान वाहत होता. आई कापसाचा बोळा कोंबून शाळेत धाडायची आणि बाई तो बोळा रोज बघायच्या. शेवटी वास यायला लागला तेव्हा त्यांनीच तिला ठाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. गोजराला त्या कानानं आता ऐकू येत नाही. बाईंना मात्र ते दोन शब्द अजून ऐकू येतात.

आणि आता, पंच्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या तोंडावर, पत्र आलं होतं. तीन शाळांची तपासणी होणार, जिथे पोरांना गरज जास्त तिथे आरोग्याची खोली सुरू होणार. पत्रासोबत पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून एक तक्ता आला होता, डोळे तपासायचा. वर एक भलंमोठं अक्षर, खाली ओळीगणिक बारीक होत जाणारी अक्षरं. वीस फुटांवर पोराला उभं करायचं आणि वाचायला लावायचं.

मुख्याध्यापक देवजी गुरुजी त्याच गावचे. तपासणी म्हटली की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी भिंतींना चुना मारून घेतला, पोरींच्या आयांना बोलावून केसांना तेल आणि वेण्या घालून पाठवायला बजावलं, स्वतः नेलकटर घेऊन फाटकात उभे राहिले.

"बाई, आपल्या शालेचं नाक हाय," ते म्हणाले. "डाक्टरनी बघत राह्यला पायजे."

बाई मनात हसल्या. दुखणी दाखवायला डॉक्टर बोलवायचा आणि त्याच्यापुढे पोरं घासूनपुसून ठेवायची. पण हसणाऱ्या बाईंनी स्वतः काय केलं? त्यांनी तो तक्ता त्याच दिवशी भिंतीवर टांगला. परका माणूस दिसला की ही पोरं गप्प होतात हे त्यांना ठाऊक होतं. मागे शाळा तपासायला साहेब आले तेव्हा निम्म्यांना स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं. दिसत असून पोर भीतीनं मुकं राहिलं, तर डॉक्टर म्हणतील, खोली मिळावी म्हणून या शाळेनं सोंग केलं. तेव्हा पोरांना तक्त्याची सवय व्हावी म्हणून रोज प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांनी मिळून तो म्हणायचा असं ठरलं. य. ग म. क त ल. चार दिवसांत सबंध शाळा तालात म्हणायला लागली. बाईंना बरं वाटलं.

सगळ्यात मोठा आवाज पुतळाचा. सहावीतली पुतळा उंच, म्हणून पहिलीपासून शेवटच्या बाकावर. तीसपर्यंत पाढे पाठ, कविता पाठ, पण फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की वही कोरी. बाई चिडायच्या. असं डोकं असलेली पोर मुद्दाम अंग चोरते, याचा त्यांना फार राग यायचा. प्रगतिपुस्तकात त्यांनी तीन वेळा तेच लिहिलं होतं: हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

सोमवारी तिचा बाप शाळेत आला. कमळाकरची भातशेती कारखान्यांत गेली होती आणि त्याच कारखान्यांपैकी एकात तो आता पाळी करायचा. बोलायला मऊ, पण ठरवलेलं सोडणारा नव्हे.

"बाई, दिवालीनंतर पोरगी येनार नाय. घरात ल्हान पोर हाय, तिला सांभाळंल."

"अहो कमळाकरभाऊ, सहावीत आहे ती. हुशार आहे."

"तुमीच लिवलंय, लक्ष देत नाय. एकदा नाय, तीनदा. मंग बाकावर बसवून काय करू?"

दिवाळीपर्यंत थांबा एवढंच त्या म्हणाल्या. मग वर्गात जाऊन त्यांनी पुतळालाच झापलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

गुरुवारी अकराला जीप आली. डॉक्टर सुभाष पंडित तरुण होते, नीटनेटके होते आणि घाईत होते. दुपारनंतर त्यांना ऐरोलीची शाळा गाठायची होती. त्यांनी भराभर जिभा पाहिल्या, नखं पाहिली, दात पाहिले. मग खडूची रेघ मारली, एका डोळ्यावर तळहात ठेवून एकेक पोर रेघेवर उभं राहू लागलं. य. ग म. क त ल. खालच्या ओळीपर्यंत एकही अडखळलं नाही. पहिल्या तीस पोरांनंतर डॉक्टरांनी मान वर करणंच सोडलं. आता तक्ता त्यांनाही पाठ झाला होता. ते नुसतं ऐकत होते आणि वहीत बरोबरच्या खुणा करत होते.

गुरुजींचा चेहरा फुलत चालला होता आणि बाईंचा उतरत होता. आजारी पोरं दिसायला हवी होती, ती कुठे गेली? चौथीच्या रांगेत सात जागा रिकाम्या होत्या. नेमकी खरूज झालेली सात पोरं आज आली नव्हती. बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी नजर चुकवली.

शेवटी पुतळा राहिली. डॉक्टरांबरोबर आलेल्या कंपाउंडरला जेवायची घाई होती. एकच उरली, असं म्हणून त्यानं तक्ता खिळ्यावरून काढला आणि तो गुंडाळत बसला. पुतळा रेघेवर आली, तळहात डोळ्यावर ठेवला, समोर पाहिलं. समोर ताजा चुना मारलेली पांढरी भिंत होती आणि खिळा. पुतळानं भिंत वाचायला सुरुवात केली. य. ग म. क त ल. खणखणीत आवाजात, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत.

"बरोबर," डॉक्टर वहीत बघत म्हणाले. "छान शाळा आहे, गुरुजी."

बाई भिंतीकडे बघत राहिल्या, मग पोरीकडे. पुतळा शाबासकीसाठी त्यांच्या दिशेला तोंड करून उभी होती. तिला बाई तरी दिसत होत्या का?

डॉक्टर लिहीत होते आणि लिहिता लिहिता वाचून दाखवत होते. एकशे बारा विद्यार्थी तपासले, दृष्टिदोष शून्य, आरोग्य उत्तम, स्वतंत्र खोलीची आवश्यकता वाटत नाही. गुरुजींनी चहा मागवला. बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पदराला हात पुसले. बोलावं तर आपलंच बिंग बाहेर पडणार. वीस वर्षांची बाई, सतरा अर्जांची बाई, तिनंच पोरांना शिकवून ठेवलं. गप्प बसावं तर खोली ऐरोलीला जाणार आणि ही पोर दिवाळीनंतर घरी. त्यांना आपलीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

डॉक्टर जीपमध्ये बसले, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाई धावत गेल्या आणि त्यांनी खिडकीची कड धरली.

"साहेब, उतरा. तपासणी खोटी झाली."

"म्हणजे?"

"मी मुलांकडून तक्ता पाठ करून घेतलाय. शेवटच्या मुलीनं वाचला तेव्हा भिंतीवर तक्ता नव्हताच."

गुरुजी मागून आले होते. "बाई, जाऊ द्या त्यांना," ते हळूच म्हणाले. "आपन नंतर पत्र लिवू."

"अठरावं?" बाई म्हणाल्या.

डॉक्टर कानांपर्यंत लाल झाले होते, कारण खिळ्याकडे त्यांनीही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.

तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर बाईंनी दौतीत बोरू बुडवून नवी अक्षरं काढली, मापं डॉक्टरांनी सांगितली. शाई वाळेपर्यंत त्या पुठ्ठ्यानं वारा घालत राहिल्या. या वेळी शाळा मुकी झाली. पोरं अडखळत होती, डोळे बारीक करत होती, काही रडकुंडीला आली. चौदा पोरांना चौथ्या ओळीच्या पुढे जाता आलं नाही. तेवढ्यात देवजी गुरुजी कुणाशी न बोलता वाडीकडे चालू लागले आणि अर्ध्या तासानं सात खरजुली पोरं घेऊन आले.

"हीबी बघा," ते डॉक्टरांना म्हणाले. "मीच घरी ठेवली होती."

पुतळाची पाळी पुन्हा शेवटी आली. ती रेघेवर उभी राहिली आणि तिनं त्याच खणखणीत आवाजात जुनाच तक्ता म्हटला. कुणी तरी हसलं. डॉक्टर उठून तिच्याजवळ गेले.

"फळा दिसतो का तुला?"

"दिसतो की. काला हाय."

"आणि त्याच्यावरची अक्षरं?"

पुतळानं जरा विचार केला. "ती बाईंना दिसतात. बाई वाचतात, मंग आमी म्हनतो."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खोली मिळणार, असं त्यानंतर डॉक्टर म्हणाले. पहिला अहवाल रद्द करायला कारण लागेल, तेवढं लेखी द्या, तुमच्या शाळेचं नाव मी वर पहिलं पाठवतो. गुरुजींनी सुचवलं, तक्ता चुकीचा टांगला गेला असं लिहू. बाईंनी ऐकलं नाही. जे केलं तेच लिहिलं आणि सही ठोकली. याबद्दल वरून कधी तरी खुलासा मागतील, तर मागू देत.

शाळा सुटल्यावर त्या पुतळाबरोबरच तिच्या घरी गेल्या. कमळाकर पाळीवरून नुकताच आला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, पण त्याचा विश्वास बसेना. पोरगी विहिरीवर जाते, भाकरी करते, हिला दिसत नाही कसं? तो आत गेला, पत्र्याच्या पेटीतून प्रगतिपुस्तक काढून घेऊन आला आणि बाईंच्या पुढे धरलं.

"मंग हे काय हाय? मी अडानी, मी लिवलं नाय."

बाईंनी पर्समधून पेन काढलं. तीनही ठिकाणची ओळ त्यांनी खोडली. मग खाली जागा होती तिथे लिहिलं आणि पुस्तक बापाकडे न देता पुतळाच्या हातात दिलं.

"मोठ्यानं वाच, बाबांना ऐकू दे."

पुतळानं पुस्तक नाकाला टेकेल इतकं जवळ नेलं. तेवढ्या अंतरावरून तिला स्वच्छ दिसत होतं. एकेक शब्द ती वाचत गेली, "पुतळाला फळा दिसत नव्हता. बाईंनी लक्ष दिलं नाही."

पुतळानं पुस्तक खाली केलं आणि विचारलं,

"बाई, हे पन पाठ करायचं का?"