रजिस्टरातला नंबर

“मुज्तबाभाई, ह्याला काय झालं? सकाळपासून मुकाच हाय!” शेषेरावांनी फोन माझ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला.

लातूरजवळच्या आमच्या मुरुडात सीडीएमएचे, बिनचिपचे फोन मीच खपवले. “ते चिपवाले जीएसएम सोडा. ह्यात शेजारी बसल्यावानी आवाज येतो,” असं छातीठोक सांगायचो. मग कंपनीनंच वाट बदलली, सीडीएमए बंद करून सगळे टॉवर जीएसएमचे केले. नंबर टिकवायचा तर महिनाभरात अर्ज करा, असं पत्र माझ्या दुकानात आलं. ते मी दडवलं. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? आज-उद्या करत महिना सरला.

“चिप काढून दुसऱ्यात टाका की.”

“ह्यात चिपच नसती, शेषेराव. नंबर फोनातच भरलेला. गेला तो.”

ते मटकन स्टुलावर बसले. त्यांची पोरगी आरती लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती. वसतिगृहात फक्त रविवारी संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान फोन घेत, तोही रजिस्टरात लिहिलेल्या पालकांच्या नंबरवरून आला तरच.

“मागल्या रविवारी लई रडली हो. म्हणली, बाबा, जमंना, घरी येऊ का? म्या म्हणलं, पुढच्या रविवारी सांगतो.”

तो रविवार आजच होता, आणि पाच वाजून गेले होते. मी माझ्या फोनवरून वसतिगृहाला लावला.

“हा नंबर रजिस्टरात नाही,” तिथली बाई म्हणाली. खट्! पुन्हा लावला, पुन्हा तेच.

“अहो बाई, पोरीचा सख्खा बाप इथं बसलाय!” मी ओरडलो.

“असे बाप रोज दहा फोन करतात.”

मी शटर ओढलं, त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं. या अल्लाह, पोरीनं काही वेडंवाकडं करून घेऊ नये! अर्ध्या वाटेत राहवलं नाही.

“पत्र आलं होतं, शेषेराव. मीच दडवलं.”

“आधी गाडी हाका,” ते म्हणाले.

पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. वॉचमन फाटक उघडेना. समोर व्हरांड्यात, फोनखालच्या बाकावर आरती अजून बसलेली होती. शेषेरावांनी खिशातून तो बंद फोन काढला आणि कानाला लावला.

“आरते, येतंय का ऐकू?”

ती दचकून उठली, धावत फाटकाशी आली. गजांपलीकडं उभी राहून तिनं रिकामी मूठ कानाला धरली.

“हाव, बाबा. शेजारी बसल्यावानी.”

“घरी चल, माय,” शेषेराव म्हणाले. फोन त्यांनी कानावरून काढलाच नाही.